कापणीआधीचा अंधार

शनिवार संध्याकाळ, बिशान, सिंगापूर

धाकट्या भावाचा, मिलिंदचा, कॅनडाहून फोन आला. तिथे तो परवाना असलेल्या शेतावर औषधी गांजा पिकवतो. कापणीआधी दोन दिवस दिवे बंद ठेवले की गांजाची ताकद वाढते, असं त्याच्या मालकाचं ठाम मत.

"ताई, तू रोपांवरच्या प्रकाशाचा अभ्यास करतेस. खरं काय ते सांग."

माझा अभ्यास पालकाचा, वन-नॉर्थ या संशोधन-वसाहतीतल्या लॅबमध्ये. इथला कायदा इतका कडक की गांजाचं नाव घेतानाही माझा आवाज आपोआप खाली जातो. का? नुसतं बोलणं गुन्हा थोडाच आहे?

मी म्हटलं, "ठोस पुरावा माझ्या तरी पाहण्यात नाही. ताकद मुख्यतः वाणावर ठरते. उजेड चांगला मिळाला तर फुलं भरतात. अंधारात दमटपणा वाढला तर बुरशी मात्र धरेल."

"मालकाला हे कसं सांगू? नोकरी नवी आहे."

"अर्धी रोपं अंधारात ठेवा, अर्धी उजेडात. दोन्हींची तपासणी करा."

तो म्हणाला, "सोमवारी बोलतो त्यांच्याशी."

तो मालकाला खरं सांगायला तयार झाला. आणि मी? पुण्यातल्या आईला दोन महिने सांगतेय की मिलिंद टोमॅटो पिकवतो. त्याला विचारून उद्या तिला खरं सांगेन.