वरच्या स्वयंपाकघराची पुण्याई

मेलबर्न, मार्चअखेर

तीर्थरूप देमेत्रियोदादास,

धाकट्या ब्रुनोकडून दोन्ही गालांवर एकेक मुका. गुडघा कसा आहे? डॉक्टरने जिने वर्ज्य केल्यापासून तू मुद्दाम चर्चच्या पायऱ्या चढतोस, असं वहिनींकडून कळलं. संत रोक्कोच्या कृपेने आम्ही दोघं ठणठणीत. यंदा टोमॅटो इतका आला की सॉसच्या बाटल्या ठेवायला मोटार रस्त्यावर काढली.

तुला ठाऊकच आहे, हे घर मी एकोणसत्तर साली रविवार-रविवार खपून बांधलं. पुढे तीन कमानी, फाटकावर दोन सिमेंटचे सिंह. (आमची गल्ली त्याला ‘लग्नाचा केक’ म्हणायची, मला इंग्रजी येत नाही असं समजून मोठ्याने म्हणायची.) आता आमचे चिरंजीव दोमेनिको दोन वर्षं मागे लागलेत की हे पाडू, दोन नवी घरं बांधू, एकात तुम्ही राहा. तेही इतक्या प्रेमाने, की भांडायची सोय नाही. "बाबा, घर म्हातारं झालंय." त्यावर त्याची आई फोर्तुनाता म्हणाली, "मग आधी आम्हाला पाड!" आणि खाली गॅरेजातल्या चुलीपाशी जाऊन रडली. माझ्या तोंडून ‘नाही’ निघेना. एकुलता एक पोरगा, आणि भिंत कशी पाडायची हे त्याला शिकवलंय मीच.

तेवढ्यात नगरपालिकेचं पत्र आलं : घर पाहायला बाई येणार. आता पन्नास वर्षांत नगरपालिका आपल्याकडे आली ती काहीतरी पकडायलाच. तीन दिवस लपवालपवी केली. आढ्याला टांगलेले सॉसेज शेजारच्या ग्रीकाकडे, चुलीवर गोधडी, सिंह हातगाडीवरून न्हाणीघरात.

फिलिपाबाई आल्या, फाटकाशीच थबकल्या. "सिंह कुठे गेले हो?" मी म्हटलं, "आंघोळीला." (दुसरं काही सुचलंच नाही.) मग खुलासा झाला : आमच्यासारख्या परदेशातून आलेल्यांनी बांधलेली भूमध्य शैलीची घरं वारसा म्हणून जपायची आहेत, त्यांची ही पाहणी. जे जे आम्ही दडवलं होतं, नेमकं तेच त्यांना हवं होतं! गोधडी काढून चुलीचे फोटो घेतले. नंतर वरचं स्वयंपाकघर. नारिंगी फरशी, ओव्हनच्या भट्टीत अजून कंपनीचा पुठ्ठा. बाईंनी विचारलं, "ही शेवटची कधी वापरलीत?" फोर्तुनाता भडकलीच. "वापरायची? अहो, हे वरचं आहे! स्वयंपाक खाली होतो!"

दादा, बाईंचे डोळे भरून आले. त्या फरशीचा तुकडा न् तुकडा मी बसवला, पण तिथे पाणी उकळायची मला आजवर परवानगी नाही. त्यावरून किती भांडलो असेन! त्याच हट्टापायी अहवालात लिहून आलं : ‘पूर्णपणे मूळ स्थितीत, शहरात असा दुसरा नमुना नाही.’ (हे वाक्य मला दिवसातून तीनदा वाचून दाखवलं जातं, जेवणाआधी.) घर तात्पुरतं यादीत गेलं, ऑक्टोबरात पक्कं होईल, तोवर विटेला हात लावायचा नाही. दोमेनिकोने कागद दोनदा वाचला, मग हसत सुटला. "बाबा, मी आईच्या पुठ्ठ्यापुढे हरलो!" म्हणाला, आणि खाली येऊन दोन ताटं पास्ता जेवला.

बायकोचे आभार मी तिच्या तोंडावर मानले, लग्नानंतर पहिल्यांदाच. तुझे इथे मानतो. तू आईबापांपाशी राहिलास, म्हणून मी जहाजात बसू शकलो. हे बोलायला साठ वर्षं लावली, माफ कर.

तुझा,
ब्रुनो

ता. क. सिंह परत चढवताना एकाचा कान उडाला. बाई म्हणाल्या, दुरुस्त करू नका, हाही इतिहास.

ता. ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. बाईंनी विचारलं, या कमानी कुठून सुचल्या? आता बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावरून, असं कसं सांगायचं? मी म्हटलं, गावी थोरल्या भावाच्या घराला आहेत, पिढीजात. त्यांनी ते लिहून घेतलं, आणि आता सगळी भिस्त त्याच वाक्यावर आहे. सप्टेंबरात त्या सुट्टीवर तुमच्याकडे येऊन फोटो काढणार आहेत. तुझ्या घराला एकही कमान नाही हे मी विसरलेलो नाही. सोबत मापं पाठवतो, तीन पुरेत. गिलावा वाळला की वर दही फास, शेवाळ धरतं आणि शंभर वर्षांचं दिसतं. आणि वहिनींना सांग, कमानीखाली धुणं आत्तापासूनच वाळत घाला, म्हणजे सवयीचं वाटेल.