केंद्र बंद असल्याचा शेरा

मोखाडा, १८ जून २००२

प्रिय प्रतिभाताई,

अकरा महिन्यांनी लिहिते आहे. आपल्या खोलीत आता मी एकटीच असते. स्टोव्ह अजून तसाच भडकतो. जव्हारहून येताना एसटीत तू वजनकाटा मांडीवर घेऊन बसायचीस आणि कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट मागायचा, ते आठवून परवा एकटीच हसले.

मेमध्ये संस्थेनं मला पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता केऑस थिअरी आणि संस्थेचं व्यवस्थापन. नावानंच घाबरले होते. सर म्हणाले, माणसांची संस्था यंत्रासारखी चालत नाही, हवामानासारखी चालते. इथं एवढंसं हललं की तिकडं काय होईल ते आधी सांगता येत नाही. म्हणून सगळं वरून ठरवू नका. दोन-तीन साधे नियम द्या, बाकीचं माणसं जमवतात. सगळे वहीत उतरवून घेत होते. माझं पेन थांबलं. मला पोशेऱ्याजवळचा तुझा पाडा दिसत होता.

गेल्या लावणीत बायका सावडीनं आज हिच्या, उद्या तिच्या शेतावर जायच्या. पोरंही बरोबर. तू बालआहार केंद्रातलं खिचडीचं पातेलंच त्यांच्यामागं न्यायचीस. तुझे नियम दोनच. एक बाई पोरांजवळ राहील आणि सगळ्यात लहान पोर आधी जेवेल. कुठं, किती वाजता, ते बायकाच सकाळी ठरवायच्या. केंद्राला मात्र कुलूप असायचं.

तुला काढल्यावर आलेली बाई रोज अकराला दार उघडायची. बत्तीस पोरांतली नऊ यायची. भाद्रपदात वजनं घेतली, तर सात पोरं घसरली होती. मी गौराबाईला विचारलं, पोरांना वेळेवर का पाठवत नाही? ती सगळ्यांसमोर म्हणाली, "बाये, जेवायचं पोरांनी का तुझ्या वहीनं?" बायका हसल्या. तिच्या सकूचं वजन किलोभर उतरलं होतं.

तुझी तक्रार कुठल्याशा साहेबानं केली, असं तुला वाटतं. ताई, ती मी केली. मी नवी सुपरवायझर, घरातली पहिली बी.ए. वेळेचा तक्ता मीच आखला होता आणि तो बरोबर ठरायला हवा होता. तपासणीला मी गेले, कुलूप पाहिलं आणि "केंद्र बंद, सेविका गैरहजर" असा शेरा लिहिला. शेताकडून पोरांचा आवाज येत होता, तरी बांधापर्यंत गेले नाही. नोकरी गेली त्या दिवशी तू मलाच धीर दिलास. तेव्हाही मी गप्प होते.

गेल्या आठवड्यात हे सगळं संस्थेला लिहून दिलं. तुला परत बोलावण्याचं त्यांचं पत्र सोबतच्या बंद पाकिटात आहे. ते वेगळं पाठवणार होते, मी मागून घेतलं. काही न कळता तू आनंदानं परत आली असतीस, माझ्याशेजारी अंथरूण टाकलं असतंस, आणि मी पुन्हा गप्प बसले असते. लावणी पंधरा दिवसांवर आली आहे. माझ्या खोलीत नाही राहिलीस तरी चालेल, पाड्यावर ये.

तुझीच,
शीला