पायानं बंद होणारं पाणी

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. वही नववीतली, गणिताची. निम्मी कोरी आहे, कारण शाळा मधेच सोडली. सोडायचं कारण एकच, वर्गात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. नर्सरीत झाडं काही विचारत नाहीत.

प्रमोशन झालं. दोन वर्षं पिशव्यांत माती भरली, आजपासून पाईपवर. म्हणजे पाणी मारायचं.

अडचण थोडीशीच आहे. नळ शेडपाशी, झाडं पार कालव्यापर्यंत, मधे शंभर मीटर पाईप. पाईपवाल्यानं तिकडून ओरडायचं, नळावर बसलेल्या बाईनं इकडं नळ सोडायचा नाहीतर बंद करायचा. प्रत्येक पाईपवाल्याची आपली आपली हाक असते आणि प्रत्येक नळाची बाई आपल्याच माणसाची हाक ओळखते. दुसऱ्याच्या हाकेला ती मानसुद्धा वर करत नाही. शेजारच्या वाफ्यातल्या पोलय्याची हाक "होऽऽय्या". कडियम स्टेशनावर गाडी थांबेल असली.

माझी हाक अजून ठरलेली नाही.
ठराव: उद्या ठरवणे.

३ फेब्रुवारी
हाक ठरवली. "ओऽऽप". छोटी आणि दमदार. मनात पाच वेळा म्हणून बघितली, फारच चांगली वाटते. बाहेर काढली नाही. पहिल्याच दिवशी घसा बसायला नको.

त्यामुळं दरवेळी चालत नळापर्यंत गेलो आणि हळूच सांगितलं, बंद करा. बावीस वेळा. तोवर गुलाबाच्या वाफ्यात घोट्याइतकं पाणी, पिशव्या आडव्या. मालक सूरिबाबू गारू (गारू म्हणजे साहेब) येऊन बघून गेले. म्हणाले, नूकराजू, गुलाब लावलेत की भात?

माझ्या नळावर आप्पायम्मा असते. वय साठ आणि ऐंशीच्या मधे कुठंतरी. गुडघे गेलेत, म्हणून तिला बसायचं काम. इकडच्या म्हाताऱ्या बायकांसारखी उलटी, पेटतं टोक तोंडात धरून चिरूट ओढते आणि तशीच बोलते. म्हणाली, पोरा, तोंडात भाताचा घास धरलायस काय? गिळ आणि एकदा ओरड की. एकदा ऐकली की तुझी हाक मी झोपेतसुद्धा ओळखीन.
मी हसलो. आतून.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
आईचा फोन. ती कुवेतला एका घरी स्वयंपाकाला आहे, शुक्रवारी तिला सुट्टी. म्हणाली, मोठ्यानं बोल रे, काही ऐकू येत नाही. म्हटलं, नेटवर्क. प्रमोशनचं सांगणार होतो, पण बारा मिनिटांत वेळ मिळाला नाही. नंतर मामी (मी मामाकडंच राहतो) म्हणाली, आईशी चार शब्द बोललास तर जीभ झिजेल का? मोजले तर पाच बोललो होतो.

९ फेब्रुवारी
मोठा शोध लागला. पाणी आपोआप बंद होतं!

वाफा संपला. खांद्यावरचा टॉवेल काढून मान पुसली. पाणी बंद. पुढच्या वाफ्यापाशी गेलो, टॉवेल परत खांद्यावर टाकला. पाणी सुरू. दिवसभर हेच. मोटार सुधारलीय, नाहीतर प्रेशरचं काहीतरी. मला विज्ञान पहिल्यापासूनच कळतं, फक्त विचारलं की सांगता येत नाही.

आता नळावर जायची गरज उरली नाही. तरी चार वेळा जाऊन आलो, पाणी प्यायला. आप्पायम्मानं उकडलेला ताडाचा कोंब दिला. बदल्यात तिची बडबड ऐकावी लागते. गोदावरीच्या पुरात तिची म्हैस छपरावर चढली होती म्हणे. घरातली माणसं छपरावर आणि म्हैससुद्धा. बाकीचं उद्या सांगते म्हणाली.
बायका फार वेळ खातात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
फोनवर एक व्हिडिओ बघितला. कुठल्यातरी देशातला दवाखाना. डॉक्टर पायानं पेडल दाबतो, पाणी येतं. पाय काढतो, पाणी बंद. कुणाला काही सांगावं लागत नाही. शंभर मीटरवर चिरूट ओढणारी बाईही लागत नाही.

विचार केला. आपल्या मोटारीवर किती दिवस भरवसा ठेवायचा? पाईपच्या टोकाला असलं पेडल पाहिजे. दोन पाट्या, मधे पाईप, वर स्प्रिंग. पाय ठेवला की पाईप मोकळा, पाय काढला की स्प्रिंग पाईपला चिमटा काढणार. नाव: नूकराजू पेडल नंबर एक.

हे झालं की आयुष्यात कुणाला हाक मारायची गरज नाही.
आईचा फोन आला होता. हो म्हटलं. तीनदा.

१६ फेब्रुवारी
नंबर एक तयार. जुन्या दाराची बिजागरी, फणसाच्या दोन फळ्या. स्प्रिंग मिळाली नाही, म्हणून तात्पुरतं उलटं केलंय. पाय दाबला की पाणी बंद, काढला की सुरू.

पोलय्या कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मग म्हणाला, अरे शहाण्या, असंच करायचं तर नुसता पाईपवर पाय देऊन उभा राहा ना, फळ्या कशाला?
त्याला मशिनरी कळत नाही.

म्हैस अजून छपरावर. दुसरा दिवस. होडीतून तिला पेंढा टाकला. आप्पायम्मा मधेच गप्प होते आणि लांब बघते. मला वाटतं विसरते.

२० फेब्रुवारी
स्प्रिंग मिळाली. अप्पलस्वामीच्या सायकलच्या दुकानातून, स्कूटरच्या स्टँडची. मिळवायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी दुकानासमोर उभा राहिलो. तो म्हणाला, पंक्चर का? म्हटलं हो. सायकल नव्हती. दुसऱ्या दिवशी मामाची सायकल नेली, त्यानं चाक पाण्यात बुडवलं, म्हणाला, पंक्चर कुठंय? तिसऱ्या दिवशी वैतागून त्यानंच विचारलं, बाबा रे, तुला नक्की काय पाहिजे? मी बोटानं दाखवलं.
बोलणी यशस्वी.

२४ फेब्रुवारी
नंबर दोन. स्प्रिंग उत्तम, जरा जास्तच उत्तम. एका पायानं दबत नाही. माझं वजन सत्तेचाळीस किलो. दोन्ही पायांनी उभं राहिलं तर दबते, पण पाणी मारायला वाकलं की पुढं पडायला होतं. तीन वेळा पडलो. नेमकं त्याच वेळी मोटारीचं आपोआप बंद होणंही बिघडलं आणि अर्धा वाफा वाहून गेला. लांबून आप्पायम्मा पोट धरून हसत होती. चिरूट तोंडातून पडली होती.

दुपारी म्हणाली, यंत्र चांगलंय, त्यावर उभा राहणारा माणूस तेवढा बदल. आणि स्वतःच्या डब्यातला अंबाडीची चटणी घातलेला भात माझ्या ताटात ढकलला. म्हणाली, खा, म्हणजे वजन पण येईल आणि आवाज पण.
मी खाल्ला. वजनासाठी.

म्हैस: तिसरा दिवस. पाणी ओसरलं, पण ती खाली यायला तयार नाही. सगळं गाव जमलं, दोर लावला, हलत नाही. मग काय झालं, असं मी विचारणार होतो. पण कामाची वेळ झाली.

२ मार्च, सोमवार
ऐतिहासिक दिवस. नंबर तीन चालतं!

फळी लांब केली, झालं. टोकावर अंगठ्यानं दाबलं तरी पाणी येतं. टॉवेल नाही, मोटार नाही, कुणी नाही. मी आणि पाय.

सूरिबाबू गारूंनी स्वतः पाय ठेवून बघितला. चार वेळा सुरू, चार वेळा बंद. फोटो काढला. मग म्हणाले, नूकराजू, तुझ्या पायानं माझा एक माणूस वाचवला.
मी माणूस वाचवला. हे आईला सांगायचं.

३ मार्च
आज नळावर आप्पायम्मा नव्हती. नळ पूर्ण उघडून तारेनं बांधून ठेवलाय, आता कायमचाच. पोलय्याकडून कळलं. मालकांनी तिला पिशव्या भरायला बस म्हटलं, तिला खाली बसता येईना, गुडघे धरून उभी राहिली थोडा वेळ आणि घरी गेली.

चांगलंच झालं. या वयात उन्हात बसायचं म्हणजे काय. माझ्यामुळं तिला आराम मिळाला.
दिवसभर कुणाचा अडथळा नाही. आज बोललेले शब्द: शून्य. रेकॉर्ड.

५ मार्च
पेडलचं काम झकास. फक्त दर वाफ्याला ते उचलून न्यावं लागतं. चार किलो.

सहज टॉवेलनं मान पुसून बघितली. पाणी चालूच. पुन्हा पुसली. चालूच. मोटारीचं ते प्रेशर कायमचं बिघडलेलं दिसतंय. पेडल केलं म्हणून बरं.
पाणी प्यायला चार वेळा नळावर गेलो. पाणी पाईपमधूनही पिता येतं, हे नंतर लक्षात आलं.

८ मार्च, रविवार
आप्पायम्माच्या घराकडं गेलो होतो. खास नाही, रस्ता तिकडूनच जातो (थोडा वळसा पडतो). म्हटलं पेडल दाखवावं, तिनं नंबर तीन बघितलेलं नाही. पेडल खांद्यावर होतं. आणि म्हशीचं काय झालं तेही एकदा कळलं असतं.

ती ओट्यावर बसली होती. शेजारी चिरूट, न पेटवलेली. समोरच्या रस्त्याकडं बघत होती, म्हणजे माझ्या विरुद्ध बाजूला. तिनं इकडं बघितलं असतं तर गेलो असतो. हाक मारणार होतो, पण कामात दिसली. नुसती बसली होती, पण कामात दिसली.
पुढच्या रविवारी जायचं. नक्की.

११ मार्च
उगादीची ऑर्डर. बंगळूरची लॉरी उद्या संध्याकाळी. शेवंतीच्या रोपांचे चारशे ट्रे कालव्याजवळ मांडलेत. सूरिबाबू गारूंनी पाणी मारायला मलाच सांगितलं. म्हणाले, हलक्या हातानं मार, रोपं नाजूक आहेत.
म्हटलं, हलक्या पायानं. म्हणजे मनात म्हटलं. चांगला विनोद होता.

१२ मार्च, गुरुवार
सकाळी दहाच्या सुमारास टंग असा आवाज आला आणि स्प्रिंग कालव्यात गेली. स्प्रिंग नाही म्हणजे चिमटा नाही. पाणी पूर्ण जोरात सुरू. पहिले पन्नास-साठ ट्रे तिथंच वाहिले. पाईप सोडून नळाकडं पळावं तर पाईप सापासारखा उडून उरलेल्या ट्रेवर जाणार. म्हणून पाईपवर पाय देऊन उभा राहिलो. दोन्ही पाय.

टॉवेल हलवला. खूप हलवला.
मग ओरडलो.

"ओऽऽप." आली बाहेर. मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठी आहे. कालव्यातले बगळे उडाले. शेडपाशी सगळ्या नळांवरच्या बायकांनी माना वर केल्या. एक म्हणाली (हे नंतर कळलं), हा कोण गं? दुसरी म्हणाली, आपल्यातला नाही, कालव्यापलीकडचा असेल कुणीतरी. आणि माना खाली. पोलय्यानंसुद्धा कालव्यापलीकडं बघितलं.

अजून ओरडलो. मोजलं नाही, वीसेक वेळा. माझ्या नळावर कुणी नव्हतंच.

बाराला जेवणाच्या सुट्टीत मोटार बंद झाली, तेव्हा पाईपवरून उतरलो. पायात मुंग्या. पोलय्या धावत आला, म्हणाला, तू होतास होय? अरे, मला काय माहीत तुला आवाज आहे. मग म्हणाला, एवढे दिवस तुझं पाणी कसं बंद व्हायचं मग? मी पुटपुटलो, मोटार. तो हसायला लागला. म्हणाला, मोटार! म्हातारी डोळ्यात तेल घालून तुझ्या टॉवेलकडं बघत बसायची. तू जेवायला बसल्याशिवाय जागची उठायची नाही, आणि म्हणे मोटार.
नंतर हसायचा थांबला.

सूरिबाबू गारू जास्त बोलले नाहीत. उद्यापासून पिशव्यांवर बस, एवढंच. आप्पायम्माला परत बोलवायला माणूस पाठवला होता. ती परवाच मुलीकडं तुणीला गेली, कायमची. घराला कुलूप.

नंबर तीन ऑफिसात आहे. वाऱ्यानं दार आपटतं, ते अडवायला.

१३ मार्च, शुक्रवार
पिशव्या. दोनशे दहा. मातीचं काम तसं बरं असतं, कुणाशी संबंध येत नाही.

आईचा फोन. मी हॅलो म्हटलं तर म्हणाली, घसा का बसलाय? ओरडलास का कुणावर? तू? आणि हसली. म्हटलं, कुणावर नाही.

मग फोनवर पहिल्यांदाच मी काहीतरी विचारलं. पुरात छपरावर चढलेली म्हैस पाणी ओसरल्यावरही उतरत नसेल, तर काय करायचं?
आई म्हणाली, कुणाची म्हैस रे? म्हटलं, अशीच. म्हणाली, दोर लावून काही होत नाही. रोजचं माणूस लागतं. त्यानं खाली उभं राहून हाक मारली की येते ती आपणहून. तू का विचारतोयस? काय झालंय? बोल की रे.

म्हटलं, नेटवर्क.