हिरव्या कागदावर माझं नाव

१२ एप्रिल
तीन आठवड्यांनी मतदान. वय एकसष्ट, आणि हे माझं पहिलंच मत! भूतानातून हाकललं, नेपाळच्या छावणीत अठरा वर्षं कुणाचेच नव्हतो. आता ऑस्ट्रेलियाचे नागरिक, राहणार आल्बरी. निश्चय : रोज एका उमेदवाराचा सखोल अभ्यास. बायकोला, तुलसाला, मीच शिकवणार. तिला इंग्रजी कुठे येतंय.

१५ एप्रिल
अभ्यास लांबला. उमेदवारांच्या पत्रकांवर तुलसाने मुळा वाळत घातलाय. रागावलो. म्हणाली, "कुणाच्या तरी उपयोगी पडले ना!"

२० एप्रिल
आपल्या लोकांच्या सभेत लोकशाहीवर दहा मिनिटं बोलायचं होतं. पंचावन्न बोललो. लोक डोळे मिटून ऐकत होते. एका म्हाताऱ्याने मध्येच विचारलं, मतपत्रिकेच्या हिरव्या कागदावर एकालाच खूण करायची की सगळ्यांना नंबर द्यायचे? म्हटलं, हा तपशील झाला, आपण तत्त्वाचं बोलतोय. तुलसा मागून ओरडली, "सगळ्यांना नंबर! एक चौकट रिकामी नको." हे तिला शेजारच्या बेव्हने शिकवलं. बेव्ह निवृत्त नर्स. दोघी कुंपणावरून हातवाऱ्यांनी बोलतात. असल्या शिक्षणाचा काय भरवसा.

२ मे
उद्या मतदान. टोपी धुतली, कोटाला इस्त्री केली. दुपारी आठही उमेदवारांचा एकदम अभ्यास करायला बसलो. झोप लागली. तसा मला माणूस चेहऱ्यावरून कळतो.

३ मे, सकाळी ११
शाळेत रांग. बाहेर बेव्ह सॉसेज भाजत होती, मतदानाच्या दिवशीचा इथला रिवाज. तुलसा आत गेली आणि चार मिनिटांत बाहेर. घाई, दुसरं काय. मी बावीस मिनिटं घेतली. हिरव्या कागदावर आठ आकडे, मोत्यांसारखे. मग वाटलं, हे कुणी लिहिलं ते मोजणाऱ्याला कळायला नको? छावणीत रेशनच्या यादीत आम्ही नुसता एक नंबर होतो. खाली पूर्ण नाव लिहिलं : दंबर सिवाकोटी. फोन नंबरही दिला. दोनदा गिरवलं. पेन्सिलच हलकी होती.

३ मे, दुपारी १
बेव्हला अभिमानाने सांगितलं. तिच्या हातातला चिमटा पडला. "दंबर, नाव लिहिलंस? अरे, बाद झालं ते मत! गुप्त असतं ते." पेटीत टाकण्याआधी सांगितलं असतंस तर दुसरा कागद मिळाला असता, म्हणे.
तुलसा हसेल असं वाटलं. हसली नाही. पावात सॉसेज घालून माझ्या हातात दिला. म्हणाली, "खा. त्या दुसऱ्या पांढऱ्या कागदावर तर नाही ना लिहिलं?"
पांढरा कागद, वरच्या सभागृहाच्या मताचा, चांगला लांबलचक होता. त्यावर पत्ताही लिहिलाय.

४ मे
निकाल लागला. तत्त्वतः मी मतदान केलंच आहे. घरातलं मोजलं गेलेलं मत मात्र एकच. कुणाला दिलंस, म्हणून तुलसाला विचारलं.
"गुप्त असतं ते," म्हणाली.
पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.