नशिराबादच्या बाईला न आलेला ताप

जळगाव, २० जून १९९१, गुरुवार
काल नात सुनंदा कोर्टातून आली ती पाय न धुता पडली. ताट झाकून ठेवलं, मुंग्यांनी खाल्लं. सकाळी उलटी. दम दिला तेव्हा सुनंदा बोलली. नशिराबादच्या विधवा बाईचं अपील हिच्या हातून उशिरा दाखल झालं. मुदत मेच्या सुट्टीत संपत होती, म्हणजे कोर्ट उघडल्या दिवशीच द्यायचं. हिला वाटलं सुट्टीचे दिवस मोजतच नाहीत. नऊ दिवस उशीर. अपील गेलं तर बाईच्या दोन्ही खोल्या दिराच्या.
वकिलीणबाई! मी तिसरी शिकलेली, मला दिवस मोजता येतात.

२२, शनि.
ही ज्यांच्या हाताखाली काम करते ते मोठे वकील म्हणे, सोपं आहे. उशीर माफ करा असा अर्ज, बाईला टायफॉइड होता असं शपथेवर. डॉक्टरचा दाखला मिळतो. "सुरुवातीला सगळ्यांचंच होतं." मग तुमच्या वेळी कोणाला आजारी पाडलं?
सु. दोन दिवस चहावर. "आजी, मी या कामाच्या लायक नाही. मी कशाच्याच..." मी रॉकेलचा डबा उचलून माझ्या खाटेखाली सरकवला. तिनं पाहिलं.

२४, सोम.
टायफॉइडच्या कागदावर अंगठा घ्यायला मोठ्या वकिलांनी बाईला आमच्या घरीच पाठवलं. सु.नं कागद वाचला. बाई म्हणे, "पोरी, माले ताप कव्हय उना? मी तं उन्हाळाभर पापड लाटत व्हतू."
सु. कागदाची घडी घालत बसली. मी चुलीपासून ओरडले, "सांगतेस का मी सांगू?"
सांगितलं तिनं, "चूक माझी, मावशी."
बाईनं ओट्यावर उभं राहून शिव्या घातल्या. गल्ली जमली. सु. आत पळत होती, मनगट धरून ठेवलं. सगळं ऐकवलं. संध्याकाळी पोरगी खिचडी जेवली. भात कच्चा होता, तरी.

२७, गुरु.
मोठ्या वकिलांनी सु.ला काढून टाकलं. ऑफिसचं नाव जातं म्हणे. मी गेले विचारायला. बसा म्हटलं नाही.
"आजी, तुम्हाला कायदा कळत नाही."
"बरंय. तुम्हाला कळतो त्याचं तर हे झालं."
येताना चप्पल तुटली. ती पण त्यांच्याच दारात टाकून आले.

९ जुलै, मंगळ.
बाईनं दुसरा वकील केला. त्यानं सु.कडूनच लिहून मागितलं, शपथेवर, की चूक माझी, बाईची नाही. सु.नं तीन कागद फाडले, चौथ्यावर सही केली. आज कोर्टात वाचलं. दिराचा वकील हसला. सु. उभी राहिली, पडली नाही. जज्जसाहेब पंधरा दिवसांनी सांगणार, उशीर माफ की नाही.
बाहेर बाई मला म्हणाली, "मनं घर गयं तं तुमना ओट्यावर यीसन बठसू."
मी तोंड उघडायच्या आत सु. म्हणाली, "या."
बसेल ती. तिच्या जागी मी असते तर आजच बसले असते.