वजनकाट्याकडे पाठ

सोमवार, ३ एप्रिल २०१७

फर्नली हाऊसला पोहोचले. घरून, मूंटाहून, निघताना ऊन चटके देत होतं. इथे डोंगरात येईपर्यंत स्वेटर घालावा लागला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सफरचंदाच्या बागा, तोडणी संपत आलेली. घर दगडी, नीटनेटकं. स्वयंपाकघर ऐसपैस, चूल चांगली तापते. एकतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन म्हणून काढली आणि नवरा, नॉर्मन, गेल्यावर दोन वर्षं रिकामी बसले. आज पुन्हा एप्रन बांधला. फार बरं वाटलं.

काम सरळ आहे. सात मुली, पंधरा ते बावीस वर्षांच्या, खाणं सोडून बसलेल्या. त्यांना टेबलाशी बसवून जेवू घालायचं. टेबलावर माझा शब्द शेवटचा. नियम मला पसंत पडले. जे मुलींच्या प्लेटमध्ये तेच आणि तेवढंच आमच्याही. अर्ध्या तासाचं वाळूचं घड्याळ मध्ये ठेवायचं, आणि प्लेट रिकामी झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. तीनदा अन्न लपवलेलं सापडलं तर घर सोडायचं. दर सोमवारी सकाळी सगळ्यांनी, आम्हीसुद्धा, वजनकाट्याकडे पाठ करून उभं राहायचं. आकडा फक्त नर्स सिना बघते आणि लिहिते. सिना सामोआची, आडव्या अंगाची, हसरी. म्हणाली, माझ्या वेळेला काटाच पाठ फिरवतो.

डॉ. क्वॉक मुलींच्या रक्ताचा अभ्यास करतात. तुलनेला निरोगी माणसांचं रक्त लागतं म्हणून माझंही घेतलं. चहाखेरीज काही सापडायचं नाही, असं मी सांगून ठेवलं. सोबत एक फॉर्म होता. त्यात प्रश्न: घराण्यात कुणाला असा आजार होता का? मी ‘नाही’ लिहिलं.

शनिवार, ८ एप्रिल

आज पास्टी केल्या. करंजीच्या आकाराच्या, पण तळव्यापेक्षा मोठ्या. आत बटाटा, सलगम, कांदा, मांस. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकीच्या पास्टीच्या एका कोपऱ्यावर कणकेचंच तिच्या नावाचं अक्षर चिकटवलं. खायला सुरुवात दुसऱ्या टोकाने करायची, म्हणजे उरलेला तुकडा कुणाचा ते कळतं. मूंटाच्या जुन्या खाणकामगारांची युक्ती. एक मुलगी म्हणाली, अक्षर लावलंत मिसेस पी, म्हणजे लपवायची सोयच ठेवली नाहीत. बाकीच्या हसल्या. तेवढ्यासाठीच लावलंय, मी म्हटलं.

इंग्रिड लेमानने सगळी खाल्ली. सतरा वर्षांची, हानडॉर्फकडची, कमी बोलणारी. कृती लिहून मागितली. येत्या तीन जूनला तिच्या भावाचं लग्न आहे. मे संपेपर्यंत ती अशीच राहिली तर घरी जाईल. इस्पितळाच्या वॉर्डात गेली की ती खाणं बंद करते. दोनदा झालं. दुसऱ्या वेळी हृदय थांबलं होतं. तिसऱ्यांदा ते झेलणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.

जेवणानंतर डॉ. क्वॉक माझ्याशी तासभर बोलल्या. हा हट्ट नव्हे, आईबापांची चूकही नव्हे. दमा जसा घराण्यातून येतो तसा हा येतो. आणि फक्त मनाचा नाही, शरीर अन्न जाळतं कसं, साठवतं कसं, त्याच्याशीही याचा संबंध आहे. भूक लागली की बहुतेक माणसं चिडतात, कामात लक्ष लागत नाही. या मुलींचं उलटं: पोट रिकामं झालं की त्यांना शांत वाटतं, हुशारी येते. साधा ताप, एखादा उपास, वजन जरा उतरायचा अवकाश, की आतलं यंत्र सुरू होतं. मग ते त्यांचं ऐकत नाही.

मी ऐकून घेतलं. पटलं नाही.

माझी बहीण रॉझ १९६८ मध्ये गेली, एकोणीस वर्षांची. मृत्यूच्या दाखल्यावर हृदय लिहिलं होतं. आमच्या घरात तिच्या न खाण्याला एकच शब्द होता, हट्ट. धान्यवाल्याच्या कॅलेंडरवर आई दर रविवारी तिचं वजन लिहायची. मी चौदा वर्षांची. आई मला तिच्यासमोर बसवायची, ही उठता कामा नये म्हणून. मी सांगायचे, प्लेट रिकामी झाल्याशिवाय उठायचं नाही, रॉझ. ती पास्टीवरचं तिचं अक्षर नखाने कोरत बसायची. हे एकदाच लिहिलं. पुन्हा लिहिणार नाही.

सोमवार, १७ एप्रिल

ईस्टर वाया गेला. घरात उलट्याजुलाबांची साथ आली. मला पाच दिवस नुसता टोस्ट आणि बिनदुधाचा चहा. आजपासून रीतसर जेवा, असं सिना म्हणत होती. पोटाला विसावा हवा, असं मी सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही मुलींना असलं बोलू द्याल का?

सोमवार, २४ एप्रिल

किती वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. पाचला जाग येते. आज न्याहारीपूर्वी कोठीतली सगळी फडताळं धुऊन काढली आणि खाणीच्या टेकडीपर्यंत चालून आले. डोकं कॉलेजात असताना होतं तसं स्वच्छ. उद्याच्या अँझॅक दिवसासाठी, आमच्या ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या स्मृतिदिनासाठी, बिस्किटं भाजली. स्वतः खाल्ली नाहीत. भाजणाऱ्याचं वासानेच पोट भरतं.

जेवणघरातल्या पियानोमागे टोस्टचे तुकडे सापडले. सुकलेले, बरेच दिवसांचे. पियानोच्या सर्वांत जवळ इंग्रिड बसते.

शनिवार, २९ एप्रिल

आज खिडकीतल्या हायड्रेंजियाच्या कुंडीत ओट्सची लापशी. वर माती नीट सारखी केलेली. काम सफाईचं आहे.

मी सिनाला विचारलं. ती म्हणते, इंग्रिडचं वजन जागच्या जागी आहे, उगाच तिच्या मागे लागू नका. काट्याला फसवणाऱ्या मुली मी तुझ्या जन्माआधीपासून पाहतेय, मी म्हटलं.  सिना म्हणाली, ग्लेनिस, तुम्ही दिवसभर बसत का नाही हो कधी?

शनिवार, ६ मे

इंग्रिडला माझ्या शेजारी बसवलं आणि तिचं संध्याकाळचं फिरणं बंद केलं. ती रडली नाही, भांडली नाही. माझ्या प्लेटकडे बघत होती. हळूच म्हणाली, मिसेस पी, तुम्ही एका टोस्टचे सोळा तुकडे केलेत. मी सांगितलं, आपल्या प्लेटकडे बघ.

नंतर मोजले. सोळा होते.

आणखी एक गोष्ट. पहाटे वरच्या व्हरांड्यात कुणीतरी येरझाऱ्या घालतं. पावलं सारखी, न थांबता. मी पकडायला बाहेर येते. व्हरांडा रिकामा असतो. मी चालू लागले की पावलं पुन्हा येतात. मी थांबले की थांबतात.

गुरुवार, ११ मे

भांडी घासताना लग्नाची अंगठी बोटातून निसटली. साबणामुळे. स्कर्टला पिन लावली आहे. इथल्या धुलाईने कपडे सैल पडतात. थंडी फार. दोन स्वेटर घालते. दंडावर बारीक लव आली आहे, पिवळसर. या वयात येते म्हणे.

सोमवार, १५ मे

वजनाचा दिवस. सिनाचं पेन थांबलं. पुन्हा उभ्या राहा म्हणाली. मी उभी राहिले, समोरच्या भिंतीकडे बघत. तिने दुसऱ्यांदा लिहिलं आणि डॉक्टरांच्या खोलीकडे गेली.

दुपारी सामानाच्या कपाटामागे रुमालात बांधलेलं कस्टर्ड. हे तिसरं. मी डॉक्टरांना लेखी कळवलं: इंग्रिड लेमान. त्यांनी विचारलं, तिला लपवताना पाहिलंत का? मी म्हटलं, मला पाहायची गरज नाही. एकतीस वर्षं केलंय हे काम.

बुधवार, १७ मे

ठरलं. शुक्रवारी नऊ वाजता गाडी येईल. इंग्रिड इस्पितळात.

दुपारी पास्टी होत्या. जेवण झाल्यावर ती भांड्यांच्या कपाटाजवळ आली. आवाज न चढवता म्हणाली, माझ्यावर आळ घ्यायचा तर घ्या. मी ओळखते हे सगळं, मिसेस पी. पंधरा दिवस झाले ओळखून. लपवतं ते माणूस समोरच्याला सोडून सगळीकडे बघतं. तुम्ही तसं बघता. एकदा तुमच्या स्वेटरचा खिसा बघा.

मी तिला वर पाठवलं. खिसा बघितला नाही.

मग बघितला.

पास्टीचा कोपरा. वर कणकेचं अक्षर. जी. ग्लेनिसचा जी.

आठवत नाही असं लिहिणार होते. आठवतं. पियानो, कुंडी, कपाट, सगळं आठवतं. हात करत होता, मी बघत होते. आणि मी प्रत्येक वेळी स्वतःला सांगत होते की हे इंग्रिडने केलं.

गुरुवार, १८ मे

डॉ. क्वॉकनी बोलावलं. दार लावून घेतलं. तुमचं रक्त निरोगी माणसांच्या गटात बसत नाही, म्हणाल्या. ते मुलींच्या रक्ताशेजारी बसतं. नुसत्या रक्तावरून आजार ठरत नाही हे खरं, पण सोबत सिनाची वजनाची वही आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, घराण्यात कुणी होतं का?

मी म्हटलं, नाही.

तेवढंच म्हणायचं होतं— होती, रॉझ होती. आणि खिसा उलटा करायचा. इंग्रिडची बॅग उघडली गेली असती. मी नाही म्हटलं. कारण होती म्हटलं तर हे लोक मला खायला लावतील. हा विचार माझा नाही. माझ्या आवाजात आला, पण माझा नाही.

रॉझच्या आवाजात असाच येत असेल. आम्ही त्याला हट्ट म्हणत होतो.

इंग्रिड बॅग भरते आहे. दुपारी जेवली नाही. माझ्यामुळे पहिल्यांदा जेवली नाही.

शुक्रवार, १९ मे. सकाळी सहा

पावलं माझीच आहेत. आता दार उघडायचीही गरज नाही, खोलीतच—

खाली गेले. वजनकाट्यावर उभी राहिले. पाठ नाही केली. तोंड केलं.

किलोचे स्टोन, म्हणजे आईच्या वेळचं जुनं माप, करून पाहिले. रॉझच्या कॅलेंडरवरचा शेवटचा रविवार. आईच्या अक्षरातला तोच आकडा. त्यानंतरच्या रविवारी आईने काही लिहिलं नाही.

मला आनंद झाला. हे लिहून ठेवते, कुणीतरी वाचावं म्हणून. घाबरायला हवं होतं आणि मला आनंद झाला.

पावणेनऊ

गाडी आली. खिडकीतून दिसते. इंग्रिड पायरीवर उभी आहे. पांढरीफटक. बॅग दोन्ही हातांनी—

कुणी विचारलं तर मी पुन्हा नाही म्हणेन. मला माहीत आहे. म्हणून बोलायचंच नाही. स्वेटर काढून तसाच डॉक्टरांच्या टेबलावर—

तो आतला आवाज म्हणतो, बस. दहा मिनिटं. गाडी जाऊ दे.

सव्वानऊ

खिसा उलटा केला. कोपरा टेबलावर पडला. अक्षर वर. डॉक्टरांनी पाहिलं. मी फॉर्म मागून घेतला, ‘नाही’ खोडलं. ‘हो’ लिहिलं. रॉझ्लिन, बहीण, एकोणीस. सिनाने कागद धरून ठेवला.

गाडी रिकामी गेली.

एक वाजता

टेबल. मी एकटी, बाकीच्या मुली बाहेर. समोर इंग्रिड. तिने सकाळी पास्टी भाजली, माझ्याच कृतीने. आधी तिने स्वतःची खाल्ली, माझ्या डोळ्यांदेखत, शेवटच्या कणापर्यंत. मग माझी पुढे सरकवली. कोपऱ्यावर अक्षर आहे. जी. आर नाही. जी.

तिने वाळूचं घड्याळ उलटं केलं. प्लेट रिकामी झाल्याशिवाय उठायचं नाही, मिसेस पी. रागावून नाही बोलली. मी रॉझला बोलायचे तशी नाही बोलली. पेन खाली ठेवा म्हणते. पान पुरं होईपर्यंत थांब, मी सांगितलं.

वाळू अर्धी. एक घास घेतला. गरम आहे. सलगम गोड आहे. जीभ म्हणते चांगलं आहे आणि आत कुणीतरी मोजतं आहे— रुमाल कुठे, खिडकी किती लांब, ती कधी बघत नसेल—

ती बघते आहे. सारखी बघते आहे. बरं झालं.

दुसरा घास. डावा हात मांडीवर ठेवला होता. तो मांडीवर नाही. एप्रनच्या खिशाशी आहे, खिसा उघडून धरतो आहे, मी नाही— इंग्रिड, हात धर, माझा डावा हा