आक्काचं गोड बोलणं

सोनई,
१० जानेवारी १९९६

ती. सहादूमामांस,
प्रवीणचा सविनय जय भीम. वि. वि.

आईच्या गळ्यातल्या कॅन्सरच्या गाठी पुण्याच्या औषधाने बऱ्याच ओसरल्या. पण दुसरं सलाईन घेऊन आलो आणि मागोमाग तिचे डोळे पिवळे झाले. सगळ्यांनी कावीळच सांगितली, म्हणून घोडेगावहून काविळीची माळ आणून घातली. माळ वाढत वाढत छातीपर्यंत उतरलीय, म्हणजे गुण येतोय.

तुमची बहीण अगदी गरीब गाय झालीय. दिवसभर झोपते, कुणाला टाकून बोलत नाही. काल जयमालाची भाकरी करपली, तर आई म्हणाली, लई ग्वाड झालीय. आम्ही हसलो, जयमाला मात्र रडायलाच लागली. लग्न झाल्यापासून सासूने तिला कधी चांगलं म्हटलेलं नाही, तेव्हा आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, म्हणून हटून बसली. माळ पुरी उतरू दे म्हटलं तर ऐकेना. शेवटी जीप सांगितली आहे.

आपला भाचा,
प्रवीण

पारनेर,
१७ जानेवारी १९९६

चि. प्रवीण व चि. सौ. जयमाला यांस,
सप्रेम जय भीम व अ. आ.

नगरच्या दवाखान्यातून परतलो, पण जीव तिथेच आहे. आक्काने मला आमचे वडील समजून आबा म्हणून हाक मारली, ते डोक्यातून जात नाही. आजार लिव्हरमध्ये पोचला होताच, त्यावर औषधाचा मार बसला. लिव्हर बंद पडत आल्याने विष मेंदूवर चढलं, म्हणून ती झोप आणि ते गोड बोलणं, असं डॉक्टर म्हणाले. आणखी उशीर झाला असता तर हाती काही उरलं नसतं. खात्री ते अजूनही देत नाहीत.

प्रवीण, तुला रागवत नाही. माळ मीही घातली असती. जयमाला, पोरी, तुझे उपकार कसे मानू?

तुमचा,
सहादूमामा

सोनई,
२० फेब्रुवारी १९९६

चि. सहादूस,
आक्काचा जय भीम व आशीर्वाद.

डोळे निवळले. गाठींचं औषध आता बदलून, बेताबेताने देणार आहेत. पुढचं कुणाला ठाऊक? पण तुला तुझ्या नावाने हाक मारता येतेय, हेच मला पुष्कळ आहे.

दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा जयमाला पेज भरवत होती. मीठ काय गावाला वाटून आलीस, असं मी विचारलं, तर चमचा टाकून रडायला लागली, हसायला लागली, आणि आत्याबाई माघारी आल्या म्हणून नर्सला सांगत सुटली. माझ्या पोटच्या पोराला जे दिसलं नाही, ते तिला दिसलं रे.

तिचं कौतुक करावंसं फार वाटतं. परवा भाजी चांगली झालीय एवढंच म्हणाले, तर हात पुसून माझे डोळे बघायला आली आणि प्रवीणला जीप सांगायला धाडलं. म्हणून आता तूच तिला चार चांगल्या ओळी लिही. मला मात्र असेन तोवर तिला टाकूनच बोलावं लागणार.

असाच जीव लावत राहा.

तुझी,
आक्का